फक्कीतली पावलं

“कधीच न्हाय,” मोनिका म्हणाली आणि माझी पेन्सिल थांबली.

अकरावा प्रश्न होता. ‘सामन्याआधी मी डोळे मिटून स्वतःला खेळताना पाहते.’ पुढे चार चौकोन. कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. आधीच्या दहातल्या आठ प्रश्नांना पोरीनं हेच उत्तर दिलं होतं आणि मी मुकाट्यानं खुणा केल्या होत्या. पण या वेळी तिनं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी घासायला लागली. तीस वर्षं मैदानावर काढलेल्या माणसाला, पोरी खोटं बोलताना काय करतात ते सांगावं लागत नाही.

“नीट इचार कर,” मी म्हणालो. “एकदाबी न्हाय?”

“न्हाय म्हनलं न्हवं, मामा. फुडचा वाचा.”

मी खूण केली आणि पुढचा वाचला. प्रशिक्षक रागावले तर मी ते मनाला लावून घेत नाही. यावर ती म्हणाली, मनाला लावून घ्यावंच लागतंय की, सर हायेत ते. झालं, शून्य गुण. आईबापांनी जे वळण लावलं, त्याला या कागदावर शून्य.

माझं नाव उत्तरेश्वर, पण ते हजेरीपुस्तकापुरतं. धाराशिवच्या या मुलींच्या खो-खो केंद्रात लहानथोर सगळे मला मामाच म्हणतात. माझं काम मैदान आखायचं. सकाळी दोरी ताणायची, फक्कीचं, म्हणजे त्या पांढऱ्या भुकटीचं डबडं हातात घेऊन दोरीवरून चालायचं, दोन खांबांमधली पाटी आखायची, आठ चौक आखायचे. पोरी खेळून गेल्या की दहा वाजता पाइपानं पाणी मारून धूळ बसवायची. संध्याकाळी पुन्हा तेच. दिवसातून दोनदा आखायचं आणि दोनदा पुसलेलं बघायचं, आणि तरी मला त्याचा कंटाळा आलेला नाही. येडाच आहे म्हणा.

आता मैदान आखणारा माणूस पेन्सिल घेऊन वर्गात काय करत होता, तेही सांगतो. पुण्याहून अर्पिता मॅडम आल्या होत्या, खेळाडूंच्या मनाची ताकद मोजायला. आमच्याकडं पोरींची उंची मोजायला माणसं येऊन गेली होती, दम मोजायला आली होती, रक्त तपासायला आली होती. मन मोजणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला हसू येत होतं. बाई मात्र चांगली. आल्या आल्या मलाच विचारलं, मामा, तुम्ही चहा घेतलात का? त्यांच्याकडं चाळीस वाक्यांचा कागद होता. मॅडम वाक्य वाचणार आणि पोरीनं उत्तर द्यायचं. तर सकाळी काय झालं, ‘मला सामन्याआधी भीती वाटते’ याला पोरगी म्हणायची, हो मॅडम. ‘मला सामन्याआधी भीती वाटत नाही’ यालाही, हो मॅडम. पाहुण्या बाईला नाही म्हणायचं कसं? शेवटी कोच वैजनाथ सर म्हणाले, मामांना वाचू द्या, पोरी त्यांच्याशी भांडतात तरी.

चौदा पोरींतून तिघी पुण्याच्या शिबिराला जाणार होत्या. तिथून पुढं राज्याचा संघ. खेळाचे गुण, दमाचे गुण आणि या कागदाचे गुण, अशी बेरीज व्हायची आणि वर एक तोंडी मुलाखत. मोनिकाचं केंद्रातलं हे तिसरं वर्ष, म्हणजे शेवटचं. तिचा बाप सिदू सास्तूरकडचा, मेंढरं राखणारा माणूस. त्यानं पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलं होतं, तीन वर्सं दिली, चौथं मागू नका. यादीत नाव आलं तर पोरगी पुण्याला जाणार, नाही आलं तर पुन्हा काठी आणि मेंढरं. मधला रस्ता नव्हता.

आणि ही पोरगी पळती म्हणून कशी होती, ते कसं सांगू? केंद्रानं दिलेले बूट तिनं पेटीत गुंडाळून ठेवलेले. अनवाणी पळायची. दोन-अडीच मिनिटं पळती टिकली तरी लोक टाळ्या वाजवतात, ही चार-चार मिनिटं हाताला लागत नसे. पाठलाग करणारी हात पुढं करायची आणि तिथं नुसती धूळ असायची. पण पोरगी बोलायची नाही. जिंकली तरी ओढणीत तोंड घालून एका कडेला बसायची.

संध्याकाळी बेरीज झाली. वैष्णवीला एकशेवीसातले अठ्ठ्याण्णव. उमरग्याच्या मास्तरांची ही पोर खेळतेही चांगली आणि बोलतेही चांगली, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मोनिकाला एकतीस. चौदावा नंबर. वैजनाथ सर कागद माझ्यापुढं धरून म्हणाले, “मामा, पायात खेळ आहे हो हिच्या. पण मनात काहीच नाही. कागदच सांगतोय की.”

मला असा संताप आला म्हणता. पण मी काय केलं? कागद टाचले आणि कपाटात ठेवले. पेन्सिलीच्या बुडाला खोडरबर होतं. पाच-सहा खुणा इकडच्या तिकडं करायला मिनिटही लागलं नसतं आणि कुणाला कळलंही नसतं. हात गेलाही होता तिकडं. पण मग पुण्याला ती पळाली असती आणि पाठीवर ओझं माझ्या खोट्याचं असतं. ते नको वाटलं. सरांना दोन शब्द सुनवावेत, तेही जमलं नाही. कचेरीत बोलायची मला सवयच नाही.

का नाही, ते सांगायचं तर माझं जुनं गाठोडं सोडावं लागेल.

मी मूळचा नळदुर्गचा. अठरा वर्षांचा होतो आणि पळायचो. आण्णासाहेब गुरुजींनी मला तयार केलं होतं. केरळात मोठे सामने होणार होते आणि त्यासाठी लातूरला निवड होती. खेळ झाला, दिवसभरात मला कुणी शिवलंही नव्हतं. मग एकेकाला खोलीत बोलावलं. लांबच्या शहरातले कुणी साहेब होते. त्यांनी विचारलं, “केरळला जायचंय. पळशील ना?”

मी म्हणालो, “बघू की.”

आता आमच्या भागात याला दुसरं उत्तरच नाही. खांद्यावर बियाणं टाकून निघालेल्या माणसाला विचारा, पेरणार का? बघू की, म्हणेल. लेकीचं लग्न उद्यावर आलेल्या बाईला विचारा, झाली का तयारी? बघू की. झाकली मूठ सव्वा लाखाची. स्वतःच्या तोंडानं स्वतःची आरती ओवाळली की दृष्ट लागते आणि होणारं काम मोडतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. साहेबांना त्यातलं काय कळणार? त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या पोराला बोलावलं. तो म्हणाला, होय सर, जिंकूनच येतो. तो गेला.

गुरुजी त्या वेळी दारात उभे होते, गळ्यात शिट्टी. ते काही बोलले नाहीत. सहा वर्षांपूर्वी त्यांचं दुखणं फार झालं होतं, म्हणून भेटायला गेलो. मला जवळ बसवून म्हणाले, “उत्तरेश्वर, तवा म्या बोलाय पायजे हुतं. मला वाटलं, तुझं पाय बोलले तेवढं बास हाय.” मी म्हणालो, जाऊ द्या गुरुजी. पण ते गेलेलं नव्हतं, त्यांच्याही मनातून आणि माझ्याही.

तर असा मी त्या सामन्याला गेलो नाही. पण खरं सांगू का, मी तो रोज खेळतो. मैदान ओलं करून झालं की दुपारी लिंबाखाली बसायचं आणि डोळे मिटायचे. केरळात समुद्र असतो, म्हणून मैदानाच्या कडेला समुद्र हवा. मी समुद्र पाहिलेला नाही. मग नळदुर्गच्या किल्ल्यातल्या बंधाऱ्याचं पाणी घेतलं, पावसाळ्यात पाणीमहालावरून कोसळतं ते, आणि पसरत पसरत नेलं, पलीकडचा काठ दिसेनासा होईपर्यंत. त्या पाण्याचा आवाज येत असतो, ओल्या मातीचा वास येत असतो आणि मी ओळीतून आरपार पळत असतो. कधी खांबाला वळसा घालतो, कधी हूल देऊन मागं फिरतो. पाय दुखत नाहीत. शिट्टी वाजतच नाही. बायको म्हणते, मामा कसले, डुलकीमामा. मलाही इतकी वर्षं वाटायचं की हा आळसच आहे, पोटभर भाकरी खाल्ल्याचा. आणि त्या कागदावर अकराव्या नंबरला छापलेलं, की हे कौशल्य आहे. ‘नेहमी’ला तीन गुण. घ्या.

त्या संध्याकाळी मोनिका लिंबाच्या पारावर येऊन बसली. एकतीस गुणांची बातमी तिला लागली असणार. दिवस मावळत होता, मैदानावर कुणी नव्हतं आणि तुळजापूर रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज लांबून येत होता. मी तिला काही विचारलं नाही. माझंच सांगितलं, केरळचं, बंधाऱ्याच्या पाण्याचं, सगळं. आजवर बायकोलाही इतकं सांगितलं नव्हतं. पोरगी हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं विचारलं, त्या पान्याला भिंत हाय का?

न्हाय, मी म्हणालो.

“मग पानी मैदानात येत आसंल की.”

“येतंय कदी कदी. पाटी पुसती. मग म्या परत आखतो आन परत पळतो.”

तिला ते पटलं असावं. मग ती बोलायला लागली, मैदानाकडं बघत, तुकड्यातुकड्यानं.

दुपारी मेंढरं सावलीला बसली की ती त्यातली आठ निवडायची. एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं, अशी मनातल्या मनात ओळ लावायची. वाकड्या शिंगांचा एडका एक खांब आणि बाभळीचं खोड दुसरा. मग घोंगडीवर पडून डोळे मिटले की पळणं सुरू. मेंढरं उठायची, खो द्यायची, ती त्यांच्या मधून सुटायची. अशीच एकदा पळत होती, अकरा वर्षांची असताना. डोळे उघडले तेव्हा कुत्री भुंकत होती आणि लांडगा एक कोकरू घेऊन गेला होता. दहा दिवसांचं होतं. त्याची आई मेली होती म्हणून मोनिकानंच त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं.

“बा काय बोलला न्हाय,” ती म्हणाली. “मारलंबी न्हाय. नुसता त्या दिशी जेवला न्हाय. मारलं आस्तं तर बरं झालं आस्तं, मामा.”

तेव्हापासून तिनं डोळे मिटले नव्हते. खेळताना उघड्या डोळ्यांनीही तिला सगळं आधीच दिसतं, कोण उठणार, कुठल्या बाजूनं येणार, पण ते ती झटकून टाकते. मी विचारलं, मग हे कागदावर का नाही सांगितलंस, गुण मिळाले असते. ती म्हणाली, “त्येचं गुन घिऊ व्हय? एक जीव गेलाय त्यात.”

मी तिला समजावलं, उद्या मुलाखत आहे, साहेब विचारतील, शिबिरात टिकशील का, तेव्हा हो म्हण. नुसतं हो. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला काही चोरायला सांगतोय. “माज्याच तोंडानं?” तिनं विचारलं. मीही तेच विचारलं असतं.

घरी गेलो, जेवलो, आणि जेवता जेवता एक गोष्ट सुचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी मागून आणली. स्वयंपाकीणबाई महिनाभर बोलणार हे ठरलेलं. मैदान आखून झाल्यावर दोन्ही खांबांभोवती फक्की चाळली, पातळ आणि सारखी, भाकरीच्या परातीत पीठ पसरतात तशी. पोरी म्हणाल्या, मामा, हे काय नवीन? मी म्हणालो, धूळ लई झालीय, गप खेळा.

सराव सामना झाला. शेवटच्या तुकडीत मोनिका, वैष्णवी आणि आणखी एक, अशा तिघी पळायला उतरल्या. सुरुवातीला तिघीही पश्चिमेच्या खांबाकडं होत्या. तिसरी बाद झाली, पाठोपाठ वैष्णवी बाद झाली, आणि सगळा संघ एकट्या मोनिकाच्या मागं लागला. ती पूर्वेच्या खांबाकडं गेली आणि शिट्टी वाजेपर्यंत तिथंच खेळली. शेवटपर्यंत बाद झाली नाही.

दहा वाजले. मी पाइपाला हात लावला नाही. तीस वर्षांत, मैदान असं कोरडं ठेवायची ही पहिलीच वेळ. वैजनाथ सर लांबून ओरडले, मामा, पाणी नाही मारलं अजून? मी म्हणालो, बघू की सर. एक कुत्रं पूर्वेच्या खांबाकडं निघालं होतं, त्याला दगड भिरकावला. वारा सुटू नये म्हणून येडेश्वरीला हात जोडले. बाकी काही माझ्या हातात नव्हतं.

अकराला मुलाखती सुरू झाल्या. टेबलामागं वैजनाथ सर, अर्पिता मॅडम आणि मधोमध निवडीचे साहेब. मी पाण्याचे पेले घेऊन आत-बाहेर करत होतो. वैष्णवी आत आली, छान बोलली, साहेब खूश. मग मोनिका आली. साहेबांनी कागद बघितला, एकतीस आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

“शिबिर अवघड असतं बाळ,” ते म्हणाले. “टिकशील का तू?”

मोनिका त्यांच्याकडं बघेना, मॅडमकडं बघेना. भिंतीकडं बघून म्हणाली, “बघू की.”

साहेबांनी पेन उचललं. तो पेनचा आवाज मला ओळखीचा होता. मी दारात उभा होतो, हातात पाण्याचा ट्रे, आणि क्षणभर मला कळेना की मी कोण आहे, आतलं पोर का दारातले गुरुजी. मग कळलं.

“पळंल ती,” मी म्हणालो.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. वैजनाथ सरांचा चेहरा लाल झाला. मामा, तुम्ही जरा बाहेर थांबा, ते म्हणाले. आवाज खालचा होता, पण त्याचा अर्थ मला कळला.

“थांबतो सर. पर तुमीबी या भायेर. पाच मिनटं. मग काय बोलायचं ते बोला मला.”

ट्रेमधले पेले वाजत होते. सगळ्यांत आधी अर्पिता मॅडम उठल्या. त्या उठल्या म्हणून साहेब उठले.

मी त्यांना पश्चिमेच्या खांबाकडं नेलं. फक्कीत पावलंच पावलं होती. बुटांचे ठसे इतके की मोजता येऊ नयेत, आणि त्यांत एकच अनवाणी पाऊल. मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता आवाज सुटला. घाबरलेला माणूस मागं बघत पळतो. मागं बघितलं की टाच टेकते आणि टाच टेकली की फक्कीत खळगा पडतो. हे बघा बूट, टाचच टाच. आता ही अनवाणी पावलं बघा. नुसते चवडे. टाच फक्त दोन ठिकाणी, तीही हूल देताना, ठरवून टेकवलेली. मग त्यांना पूर्वेच्या खांबाकडं नेलं. इथं ती एकटी होती, मागं अख्खा संघ होता. एकटी पडलेली पळती घाबरली की पावलं आखूड टाकते, तीस वर्षं बघतोय. तुम्ही मोजा.

मॅडमनी पर्समधून टेप काढली आणि सरळ मातीत गुडघे टेकले. आधी या खांबापाशी मोजलं, मग त्या खांबापाशी. पावलापावलांतलं अंतर तिघी असताना जेवढं होतं, तेवढंच एकटी असताना होतं. बोटभरही कमी नाही. त्यांनी पुन्हा मोजलं. मोबाइलवर फोटो काढले. उठल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना फक्की लागली होती.

“मामा, हे तुम्ही कुठं शिकलात?”

“शिकतोय कशाचा. पानी मारायच्या आदी रोज बघतो.”

मग मी त्यांना आमच्याकडच्या रिवाजाचं सांगितलं, स्वतःबद्दल चांगलं बोललं की दृष्ट लागते ते. कागदावर हो म्हणायला या पोरींना लाज वाटते, मॅडम, आणि लाज म्हणजे भीती नव्हे. मॅडमनी ते लिहून घेतलं. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी सगळ्या पोरींना एकेक करून बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, शेवटचं एक मिनिट उरलंय आणि एकच पळती पाठवायची आहे, कुणाला पाठवशील? स्वतःबद्दल नव्हतं ना विचारलेलं, मग पोरी धडाधड बोलल्या. तेरा जणींनी एकच नाव घेतलं. सगळ्यांत आधी वैष्णवीनं. मोनिकाला विचारलं तेव्हा तिनं वैष्णवीचं घेतलं.

साहेब नियमाचे पक्के. कागदाचे गुण बदलता येणार नाहीत म्हणाले. मॅडम म्हणाल्या, बदलू नका, सोबत माझं टिपण जोडा. त्या टिपणाखाली निरीक्षण करणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. मॅडमनी कागद माझ्यापुढं सरकवला. माझ्या हातून नावातला पहिला ‘उ’ इतका मोठा आला की बाकीचं नाव दाटीवाटीनं बसवावं लागलं.

पाचव्या दिवशी यादी लागली. पहिलं नाव वैष्णवीचं. तिसरं मोनिकाचं. वैजनाथ सर माझ्या पाठीवर थाप मारून गेले. मी पाइप चालू केला आणि त्या आवाजात थोडा रडलो, खोटं कशाला सांगू.

निघायच्या दिवशी सिदू आला. खांद्यावर घोंगडी, पायात जाडजूड वहाणा, मैदानाच्या कडेलाच उभा. रेषेवर पाय द्यायला बिचकत होता. मी त्याला पारावर बसवलं, पाणी दिलं. ते पिऊन त्यानं पेला पारावर ठेवला. मग पोरीकडं नजर ठेवून मला म्हणाला, “डोळं मिटती का ती आजून, पयल्यासारखी?”

मी दचकलोच. म्हणालो, न्हाय मिटत.

“मेंढरात मिटायची. हासायची झोपंत. मला वाटायचं, सपान बघती.” त्यानं घोंगडी सारखी केली. “त्या कोकराचं म्या कवाच इसरलो, मामा. तवा जेवलो न्हाय ते कोकरासाटी न्हाय. लांडगा पोरीपासनं चार हातांवर आला हुता, त्यानं घास गिळंना. तिला सांगा तुमी. माज्या तोंडातनं निघत न्हाय.”

घ्या. म्हणजे हाही आमच्यातलाच. पाच वर्षं बाप एका कडेला गप्प आणि लेक दुसऱ्या कडेला. एका आठवड्यात दोनदा दुसऱ्याचं बोलायची पाळी माझ्यावर आली.

गाडी दारात उभी होती. मोनिका खिडकीशी बसली होती, बुटांची पेटी मांडीवर. मी खिडकीशी जाऊन तिला सांगितलं, जसं सिदूनं सांगितलं तसं, एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही. सिदू पाठमोरा उभा राहून लिंबाची पानं मोजत होता. पोरगी ऐकत राहिली. तिचा चेहरा हलला नाही, फक्त पेटीवरची बोटं घट्ट झाली. मग तिनं बापाच्या पाठीकडं बघितलं, बराच वेळ.

गाडी सुरू झाली तेव्हा मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी विचारलं, “पळशील न्हवं?”

“बघू की, मामा,” ती म्हणाली, आणि या वेळी हसली.

गाडी फाटकाबाहेर वळताना ती पुन्हा दिसली. डोकं खिडकीला टेकलेलं आणि डोळे मिटलेले. सिदूलाही ते दिसलं.

तो सास्तूरच्या गाडीसाठी स्टँडकडं गेला आणि मी मैदानाकडं वळलो. पाणी मारून घेतलं. पूर्वेच्या खांबाभोवतीची फक्की कधीच धुऊन गेली होती, तिथं रोजची माती होती. मग लिंबाखाली बसलो आणि डोळे मिटले. समुद्र आला, बंधाऱ्याचं पाणी आलं, ओळ बसली. पण या वेळी पळणारा मी नव्हतो. अनवाणी पावलं खांबाला वळसा घालून निघाली होती, नुसते चवडे, आणि मी कडेला डबडं घेऊन उभा होतो. पाणी पाटीपर्यंत आलं की रेष पुसत होती आणि मी ती पुन्हा आखत होतो.